सहीतली थरथर

कंपवाचकाचा अहवाल दोन पानांचा होता. मुजावर वकीलबाईंनी तो टेबलावर पालथा घातला होता आणि वर पेपरवेट ठेवलं होतं, जणू तो उडून जाणार होता.

"दोन बातम्या आहेत," त्या म्हणाल्या. "एक वाईट, एक बरी. वाईट आधी सांगते, त्याशिवाय दुसरी बरी वाटायची नाही."

केतकी तारळेकर समोरच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसली होती. ती ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. कंपवाचक कसा चालतो हे तिला वकीलबाईंपेक्षा चांगलं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती निर्धास्त होती. न वटलेल्या चेकवरची सही तिची नव्हती. मशीन खोटं बोलत नाही.

"चेकवरची सही आणि बँकेतली नमुना सही एकाच हाताची आहे," मुजावरबाई म्हणाल्या. "शंकेला जागाच नाही. 'सही माझी नाही' हा आपला बचाव संपला. सही खातेदाराची निघाली की पुढचं कायदाच गृहीत धरतो, की चेक देणं फेडायलाच दिला होता. तारण म्हणून कोरा दिला होता, रक्कम सूतवाल्या चौगुल्यांनी मागाहून भरली, हे सगळं आता तुम्ही सिद्ध करायचं. आणि तुमच्याकडं कागद एक नाही."

"आणि बरी बातमी?"

"तुम्ही आजारी आहात."

न वटलेल्या चेकच्या एकशे अडतीस कलमाला अजून इतकं महत्त्व का, असं बाहेरगावचा माणूस विचारील. पैसे द्यायला चेक आता कुणीच वापरत नव्हतं. भाजीपासून जमिनीपर्यंत सगळे व्यवहार फोनवर होत. पण इचलकरंजीच्या सूतबाजारात चेक टिकून होता, कारण फोनवरून पाठवायचे राहिलेले पैसे हा दिवाणी वाद होता आणि न वटलेला चेक हा गुन्हा होता. चेक देण्याघेण्यासाठी उरलाच नव्हता. तो फक्त धाकासाठी उरला होता. सूत उधार घेताना कारखानदार सही केलेला कोरा चेक देई, व्यापारी तो कपाटात ठेवी, आणि दोघंही तो कधी बाहेर निघू नये अशी प्रार्थना करत. तारळेकरांचा निघाला होता. कापडाचा भाव पडला, उधारी थकली, चौगुल्यांनी चेक भरला, तो परत आला, नोटीस आली, नोटिशीतले पंधरा दिवस गेले.

खोट्या सह्यांचा बंदोबस्त म्हणून बँकांनी कंपवाचक बसवले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. निरोगी माणसाचा पंजासुद्धा सेकंदाला आठ ते बारा वेळा अगदी बारीक थरथरतो. मेंदूकडून येणारे हुकूम, स्नायूंचा ताण आणि हाताचं स्वतःचं वजन यांच्या ओढाताणीतून ही थरथर होते. ती दिसत नाही, जाणवत नाही आणि ठरवून बदलता येत नाही. बॉलपेन कागदावरून फिरतं तेव्हा या थरथरीमुळं शाईचा थर कुठं किंचित जाड पडतो, कुठं पातळ. कंपवाचक प्रकाशाच्या बारीक झोतानं त्या थराची जाडी मोजत जातो आणि रेषेतून हाताचा ठेका बाहेर काढतो. सहीचा आकार गिरवता येतो, ठेका गिरवता येत नाही. केतकीनं हे बारावीच्या मुलांना लोलकाचा धडा झाल्यावर जादा तास घेऊन समजावलं होतं.

"नेहमीच्या ठेक्याखाली दुसरा एक संथ ठेका सापडलाय," मुजावरबाई पान उलटून वाचू लागल्या. "सेकंदाला पाचाचा. नऊ वर्षांपूर्वीच्या नमुना सहीत तो नाही, अलीकडच्या चेकांवर वाढत गेलाय. कंपवाताची सुरुवात आहे. डॉक्टरच्या डोळ्यांना दिसायला अजून वर्ष-दोन वर्षं लागतील म्हणे. मनाला लावून घेऊ नका, मॅडम. हल्ली त्यावर गोळी आहे. आणि आजारी बाईला न्यायाधीश सहसा लगेच आत धाडत नाहीत."

केतकीनं आपला उजवा हात पाहिला. तो कोरडा आणि शांत होता. मग तिला दुसराच एक हात आठवला, हल्ली पेपर वाचताना कोपरं गुडघ्यांवर टेकवून बसणाऱ्या माणसाचा.

"समजा," ती म्हणाली, "सही दुसऱ्याच कुणी केली असेल. बँकेतली नमुना सहीसुद्धा त्यानंच केली असेल. तर?"

मुजावरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आता मी एक कायदा सांगते. तुमच्याबद्दल नाही, असंच, ज्ञान म्हणून. तुमच्या परवानगीनं केली असेल तर चेक तुमचा, गुन्हा तुमचा. परवानगीशिवाय केली असेल तर तो बनावट दस्तऐवज. चेकला जास्तीत जास्त दोन वर्षं आहेत. बनावट दस्तऐवजाला दहा, नाहीतर जन्मठेप. आणि नऊ वर्षांतला एकेक चेक मोजायचा झाला तर मला वेगळा कारकून ठेवावा लागेल."

"मी कोर्टासमोर सही करून दाखवली तर?"

"मशीन म्हणेल, या केतकी तारळेकर नाहीत. मग कोर्ट विचारेल, केतकी तारळेकर कोण आहेत? तेव्हा नाव सांगावं लागेल." त्यांनी अहवाल तिच्याकडं सरकवला. "घरी जा. मी काही ऐकलं नाही. पण ऐकलं असतं तरी हेच सांगितलं असतं."

ते असं झालं होतं. महिला उद्योजकांना व्याजात सवलत मिळायला लागली तेव्हा गल्लीतल्या निम्म्या कारखान्यांच्या पाट्यांवर सुनांची नावं चढली, आणि त्यातल्या निम्म्या सुनांनी कारखाना आतून पाहिलेला नव्हता. केतकीचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं आणि सासऱ्यांच्या हट्टानं ती कोल्हापुरात एम. एस्सी. करत होती. बँकेचा माणूस नमुना सह्या घ्यायला घरी आला तो नेमका तिच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी. त्याला चहा दिला, पोहे दिले. सासऱ्यांनी तेवढ्या वेळात आतल्या खोलीत जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिची सही घोटून घेतली आणि कार्ड 'आतून' सही होऊन बाहेर आलं.

संध्याकाळी त्यांनी तिला ते कॅलेंडर दाखवलं होतं. "तुझी सही तुझ्यापेक्षा मला चांगली जमती. तू ळ उगाच मोडतीस." ती हसली होती. पुढं चेकबुक त्यांच्याच टेबलाच्या खणात राहिलं. तिला कॉलेज होतं, मुलगा झाला, नोकरी लागली. सह्यांची कटकट नाही हे सोयीचंच होतं. बँकेतलं नमुन्याचं कार्डही आपल्या हातचं नाही, हे ती पार विसरून गेली होती. त्या संध्याकाळच्या हसण्याला कायदा परवानगी म्हणेल की नाही, हे आता मुजावरबाईंनाही सांगता आलं नसतं.

कारखान्यातले माग बँकेनं गेल्याच आठवड्यात उचलले होते. फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग उरले होते. महादेव तारळेकर रिकाम्या शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. इकडच्या रीतीप्रमाणं केतकी सासऱ्यांना मामा म्हणायची.

"काय म्हणाल्या वकीलबाई?"

"मामा, उजवा हात पुढं करा. बोटं ताठ."

"आता भविष्य पण बघायला लागलीस?"

तिनं पर्समधून एक कोरा कागद काढून त्यांच्या पसरलेल्या बोटांवर आडवा ठेवला. बोटांची न दिसणारी हालचाल कागदाच्या कडेला मोठी होऊन दिसते. प्रयोगशाळेत ती मुलांना हेच करून दाखवायची. मुलांच्या हातावर कागद बारीक शहारतो. इथं त्याची कड संथ, ठाय लयीत वरखाली होत राहिली.

"म्हातारपण," मामा म्हणाले.

"नाही." आणि तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती शिकवायच्या आवाजात बोलत होती, कारण दुसरा कुठला आवाज तिला सापडत नव्हता.

मामांनी कागद उचलून घडी घातला. "म्हणजे आजारी मी, आणि सुटणार तू. मग वाईट काय झालं?"

"तुम्हाला औषध मिळणार नाही. ती गोळी कंपवाचकाच्या अहवालाशिवाय कुणी देत नाही, आणि सगळे अहवाल एकाच नोंदणीत जातात. तुमचा हात तिथं गेला की मशीन सांगणार, हा केतकी तारळेकरचा हात आहे."

"मग सांगू दे. उद्या मीच कोर्टात उभा राहतो. म्हणतो, सही मी केली."

"आणि पुढं?" शेडला लागून असलेल्या घरातून निलेशचा आवाज आला. केतकीचा नवरा दाराशी येऊन उभा राहिला, पण शेडमध्ये उतरला नाही. "दहा वर्षं. बाहेर कोण येणार बाबा, तुम्ही का तुमचा फोटो?"

"मग हिला जाऊ दे म्हणतोस?"

"मी काही म्हणत नाही."

"तू कधी म्हटलायस?" मामा म्हणाले. निलेश परत आत गेला.

केतकीच्या डोक्यात तोवर गणित जुळत आलं होतं. "कोर्ट आजारी आरोपीला उपचार सक्तीचे करतं," ती सावकाश म्हणाली. "गोळ्या माझ्या नावानं घरी येतील. तपासणीसाठी दर आठवड्याला सहीचा कागद द्यायचा असतो, तोही घरी केलेला. दवाखान्यात भीतीनं सगळ्यांचेच हात थरथरतात, म्हणून तिथली सही धरत नाहीत."

मामांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे सही तुझ्या नावानं मी करायची, आणि औषध तुझ्या नावानं मी खायचं. आणि तू काय करायचं?"

"मी कोर्टात हो म्हणायचं."

ती हो म्हणाली. न्यायाधीशांनी विचारलं, चेकवरची सही तुमची आहे? ती म्हणाली, आहे. मामा शेवटच्या बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. सहा महिन्यांची कैद झाली आणि चेकच्या रकमेची भरपाई हप्त्यांनी द्यायची ठरली. रक्कम पूर्ण फिटली तर तडजोड करून खटला मागं घेऊ, असं चौगुल्यांनी लिहून दिलं. हिशेबानं त्याला चार वर्षं लागणार होती. तोवर कैद आजारावर टांगून ठेवली गेली. कंपवाचक आजाराला शंभरातून गुण देतो, त्याला कंपांक म्हणतात. तो तिसाच्या खाली आला की आजार आटोक्यात, मग शिक्षा भोगायला हजर व्हायचं. पन्नासाच्या वर गेला तर इस्पितळात दाखल करून डॉक्टर समक्ष तपासणार. केतकीचा पहिला कंपांक चव्वेचाळीस होता.

कॉलेजनं पत्र पाठवून तिची सेवा संपवली. शिक्षा झालेल्या शिक्षिकेला संस्था ठेवू शकत नव्हती. ती घरीच शिकवण्या घेऊ लागली. निलेश दुसऱ्याच्या कारखान्यात पाळी करू लागला. गल्लीतल्या बायका तिला "जपून, भांडं हातातून सुटेल" म्हणून भाजीची पिशवी उचलून देत, आणि तीही उचलू देई. एकदा शिकवणीची मुलं समोर असताना तिनं फळ्यावर लांब सरळ रेघ ओढली आणि मग घाबरून ती ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

गोळी मात्र खरी होती. आठवड्यात नाही, महिन्या-महिन्यानं गुण यायचा. मेंदूतल्या ज्या पेशी हाताची लय सांभाळतात त्यांच्यात गाठाळलेलं प्रथिन साचतं आणि त्या मरू लागतात. गोळी ते साचलेलं धुऊन काढते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण आजारी पेशी सावरतात. मामा शर्टाची बटणं स्वतः लावू लागले. दाढी करताना गालावर कापेनासं झालं. दर शुक्रवारी सकाळी ते टेबलाशी बसून 'के. तारळेकर' अशी सही करत, केतकी तो कागद इस्पितळाच्या पेटीत टाकून येई, आणि संध्याकाळी फोनवर आकडा येई. एक्केचाळीस. अडतीस. चौतीस. तिला आनंद व्हायचा आणि आनंदाच्या मागोमाग ती तिसाला किती उरले ते मोजायची.

एकतीस आला त्या दिवशी तिनं फोन पालथा ठेवला. तिसाच्या खाली गेलं की तिनं तुरुंगात जायचं, आणि तिच्यामागं गोळ्याही तुरुंगात जायच्या. तिथं सहीचा कागद तिला स्वतःच्या हातानं भरावा लागणार होता. म्हणजे सगळंच बाहेर पडणार होतं.

पण पुढचा आकडा तेहतीस आला. मग पस्तीस.

आलेखात उगाच वळण येत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं चहाचा कप मामांसमोर ठेवला आणि तिथंच बसली.

"गोळी किती घेता?"

"तू देतीस तेवढी."

"मामा."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "अर्धी. आकडा तिसाकडं निघाला तेव्हापासून. अर्धी तुळशीत टाकतो. तुळस लई जोमात आलीया, बघितलीस का?"

"मला विचारलं असतं तर?"

"हात माझा आहे. किती हलू द्यायचा ते मी ठरवीन."

"सही माझी आहे," केतकी म्हणाली. "कोर्टानं ठरवलंय."

मामा हसायला लागले आणि हसता हसता कप बशीवर वाजला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. केतकीला रागवायचं होतं, पण रागवायला ती कुठल्या बाजूला उभी आहे तेच तिला कळेना. तिनं शिकवणीची वही ओढली आणि पेन्सिलीनं दोन रेघा काढल्या.

"हे बघा. पूर्ण गोळी घेतली की आकडा उतरतो. अर्धी घेतली की चढतो, आणि आता जसा चढतोय तसा चढला तर वर्षाच्या आत पन्नास. मग डॉक्टर मला समक्ष तपासणार. अर्धी चालायची नाही."

"मग पूर्ण पण नाही, अर्धी पण नाही."

"पाऊण," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते अगदी सहज निघालं, वर्गात उत्तर सांगावं तसं. "पाऊण घेतली तर आकडा जिथं आहे तिथंच राहील. पस्तिसाच्या आसपास."

"चार वर्षं?"

"सव्वातीन उरलीत."

"म्हणजे बरं व्हायचं नाही, बिघडायचं पण नाही." मामांनी वहीवरच्या रेघांवर बोट फिरवलं. "आणि हप्ते फिटल्यावर पूर्ण घ्यायला लागलो की बरा होतो काय?"

आकडा जागच्या जागी राहिला तरी आतली झीज चालूच राहते. पूर्ण मात्रेशिवाय ती थांबत नाही. गोळीच्या वेष्टणातल्या कागदावर हे बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि केतकीनं ते दोनदा वाचलं होतं. तीन वर्षांत किती पेशी जातील याचं गणितही तिला मांडता आलं असतं. तिनं ते मांडलं नव्हतं.

"तेव्हा थांबतो," ती म्हणाली.

"थांबतो म्हणालीस. बरा होतो नाही म्हणालीस."

"हो."

"कोर्टात एवढं मोठं खोटं बोललीस, आणि इथं एक शब्द बदलता येईना?"

केतकीनं वही मिटून बाजूला ठेवली. बाहेर शेजारच्या कारखान्याचे माग सुरू झाले आणि टेबलावरचा कप हलके हलके सरकायला लागला. तो कुणाच्या हातामुळं नव्हता सरकत, म्हणून दोघांनीही त्याच्याकडं पाहिलं.

"पोरगं सहावीला जाईल तोवर," मामा म्हणाले. "बघायला मी असणारच आहे. हलत का होईना. आण ती गोळी."

ती आत गेली. मागल्या दारी तुळस खरंच जोमात होती. तिच्याकडं न बघता केतकीनं पोळपाट काढला, सुरी धुतली आणि पुसली. गोळी लहान होती, मधे एकच रेघ असलेली. रेघेवर दाबून तिचे दोन भाग करणं सोपं गेलं. अर्ध्याचे पुन्हा दोन करताना मात्र तिला वाकून, श्वास धरून, पातं नेमकं मध्यावर आणावं लागलं. तिचा हात जरासुद्धा हलला नाही.

अर्धा आणि पाव असे दोन तुकडे तळहातावर घेऊन तिनं मामांना दिले, पाणी दिलं, आणि ते गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग मोरीशी येऊन उरलेला पाव तुकडा बोटावर घेतला आणि नळ सोडला.